बिनझोळाची वायर

१

सूर्य मावळला, आकाश काळंभोर झालं, पहिली चांदणी उगवली, आणि कुणीच काही बोललं नाही.

आकाशघरात असं कधी झालं नव्हतं. घुमटाच्या आतल्या पांढऱ्या छतावर रोज खोटा सूर्य मावळायचा, खोट्या चांदण्या उगवायच्या, आणि त्यांच्यासोबत एका बाईचा आवाज यायचा. "घाई करू नका," असं तो आवाज सुरुवातीलाच सांगायचा. "अंधार दिसायलाही डोळ्यांना वेळ लागतो." मग लोक खुर्च्यांत मागे रेलायचे. काही आकाश बघायचे, काही सरळ झोपायचे, आणि झोपलेल्यांची तक्रार कधीच नसायची.

ज्या निवेदिकेचा तो आवाज, ती आता हयात नव्हती. जाण्यापूर्वी तिने सगळं निवेदन ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं. घुमटामागच्या यंत्रखोलीत एक उंच रॅक होता, त्यात एकावर एक यंत्रं बसवलेली होती, आणि त्यांतल्याच एका लोखंडी डब्यात हे निवेदन भरलेलं होतं. त्याला सगळे आवाजाचा डबाच म्हणत. आज सकाळच्या खेळाला चांदण्या आल्या आणि आवाज आला नाही. लोक कुजबुजले, कुणीतरी हसलं, एक बाळ रडायला लागलं, आणि शेवटी दिवे लावावे लागले.

व्यवस्थापक साहेब धापा टाकत यंत्रखोलीत पोचले. वायरमनकडून किल्ली घेऊन त्यांनी रॅकचं दार उघडलं. डबा जागेवर दिसत होता, त्याच्या तोंडावरचा हिरवा दिवाही लागलेला होता. साहेबांनी चिडून तोंडावरचे स्क्रू काढले आणि डबा बाहेर ओढला. हातात नुसता पत्रा आला. पत्र्यामागे डबा नव्हताच.

२

मुख्य कार्यालयाने ज्या तपासनीस बाई पाठवल्या, त्यांची कीर्ती त्यांच्या आधी पोचली होती, आणि ती काही फार चांगली नव्हती. जिथे टेकतील तिथे डुलकी घेणारं माणूस. बसमध्ये, बैठकीत, एकदा म्हणे साक्षीदार बोलत असताना. कार्यालयात मागून त्यांना डुलकीबाई म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. "जागी माणसं काय दिवे लावतात ते रोज बघतेच आहे," एवढंच त्या म्हणायच्या.

"चोर माझ्याकडे तयार आहे, बाई," साहेब म्हणाले. "तुम्ही डबा तेवढा मिळवून द्या. रॅकची किल्ली वायरमनकडे असते, दुसऱ्या कुणाकडे नाही. संध्याकाळच्या खेळापर्यंत डबा आला तर ठीक, नाहीतर मी त्याला पोलिसांच्या ताब्यात देणार."

"निवेदनाची दुसरी प्रत असेल ना?"

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. "करायची होती."

"म्हणजे नाही."

"करायची होती, म्हणालो ना!"

साहेबांचा आवाज इतका का चढतोय, ते बाईंना कळलं. चोर पकडला गेला की प्रतीचं कुणी विचारणार नव्हतं.

यंत्रखोली घुमटाच्या पाठीला चिकटलेली होती, त्यामुळे तिची एक भिंत पोटासारखी फुगलेली. यंत्रांचे पंखे एकसुरी घरघरत होते. इतक्या छान आवाजात बाईंच्या पापण्या जड झाल्या नसत्या तरच नवल. तरी त्यांनी रॅकच्या मागे जाऊन बॅटरी पाजळली, आणि बराच वेळ बघत राहिल्या. तरुणपणी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरी बांधल्या होत्या. दुसऱ्याने बांधलेला रॅक बघताना त्यांना नेहमी परक्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं वाटायचं. घरचं माणूस कसं आहे ते तिथले डबे न विचारता सांगतात.

इथलं माणूस मायाळू होतं. विजेच्या वायरी डाव्या खांबाने उतरत होत्या, आवाजाच्या उजव्या खांबाने. दोन्ही एकमेकींच्या गळ्यात पडल्या की आवाजात घूं घूं शिरते, म्हणून त्यांना लांब ठेवलं होतं. जागोजागी मेणाच्या दोऱ्याच्या गाठी होत्या, वायर धरून ठेवणाऱ्या पण न चेपणाऱ्या. प्रत्येक यंत्रामागे वायरीला एक सैल झोळ सोडला होता. दुरुस्तीला यंत्र पुढे ओढलं तर वायरीला हिसका बसून ती उपटू नये, म्हणून असा झोळ ठेवतात.

फक्त एका जागी झोळ नव्हता. डब्याच्या रिकाम्या कप्प्यामागून वायरींची जुडी सरळ खाली गेली होती. डबा नेला असता तर त्याला जोडलेल्या वायरींची टोकं लोंबकळायला हवी होती. एकही टोक नव्हतं. चोराने सगळ्या गाठी सोडून नव्याने बांधल्या म्हणावं, तर गाठींवर मऊ, सारखी धूळ बसलेली. एका रात्रीत इतकी धूळ कुठल्याच चोराला आणता येत नाही. पुढच्या बाजूला पत्रा लोंबत होता आणि त्याचा हिरवा दिवा अजून लागलेला होता. शेजारच्या यंत्रातून एक केसाएवढी वायर काढून कुणीतरी फक्त तो दिवा जिवंत ठेवला होता.

"साहेब," बाईंनी हाक मारली, "काल संध्याकाळी आवाज आला होता?"

"आला की! मी स्वतः ऐकला. शंभर माणसांनी ऐकला."

बाईंनी बॅटरी विझवली. या कप्प्यात कित्येक महिने डबा नव्हता. मग काल संध्याकाळी कोण बोलत होतं?

३

वायरमन जिन्याखालच्या खोपटात बसला होता. त्याला सगळे गाठवाले म्हणायचे. उंच, वाकलेला, बोटांना मेण लागलेला. समोरच्या गार चहाने साय धरली होती.

"डबा तुम्ही काढलात?"

"तुम्हाला काय लिहायचं ते लिहा, बाई."

"मी कुठे काय लिहितेय? मला आधी बसू तर द्या." बाई स्टुलावर टेकल्या आणि त्यांनी विषयच बदलला. "मेणाचा दोरा अजून मिळतो? मला वाटलं हल्ली सगळे प्लास्टिकचे पट्टे ओढून मोकळे होतात."

गाठवाल्यांचा चेहरा जरासा उजळला. "पट्टा माणसाला थांबू देत नाही, बाई. एकदा ओढला की कट, कट, कट, अजून थोडा, अजून थोडा. बाहेरून सुबक दिसतं, आत तार चेपलेली असते. वायरीला कोपरा देऊ नये, वळण द्यावं. बांधावं, पण आवळू नये."

"खरं आहे. आणि यंत्राच्या श्वासाच्या वाटेत तर येऊच नये."

गाठवाल्यांनी चहाचा कप दूर सारला.

बाईंनी मूठ उघडली. रॅकखालच्या फटीतून त्यांनी ओंजळभर कचरा काढला होता. कात्रीने कापलेले पांढरे प्लास्टिकचे पट्टे, आणि त्यांत अडकलेला करड्या लोकरीचा एक पुंजका.

"हे कुणी आवळले होते?"

"मीच."

"तुम्ही?"

"मीच, बाई. माझीच चूक. डबा मीच काढला, मीच नेला. झालं?"

खोटं बोलायलाही सराव लागतो, आणि या माणसाला तो मुळीच नव्हता. त्याचे कान लाल झाले होते, आणि तो बाईंकडे न बघता लोकरीच्या त्या पुंजक्याकडे बघत होता. तुरुंगात जायला इतकं उतावीळ माणूस बाईंनी आजवर पाहिलं नव्हतं.

४

घुमटाखाली, खुर्च्यांच्या मधोमध, चांदण्या पाडणारं यंत्र उभं होतं. त्याच्याजवळ काका बसले होते. आकाश चालवण्याचं काम त्यांचं. सूर्य कधी बुडवायचा, चंद्र कधी वर काढायचा, ते त्यांच्या हातातल्या चाकांवर ठरायचं. निवेदिका त्यांची बायको होती. एकाने आकाश दाखवायचं आणि दुसरीने सांगायचं, असा त्यांचा संसार याच घुमटाखाली झाला होता.

यंत्रावर एक करडी लोकरीची शाल पांघरलेली होती. तिची एक कड शिवणीची होती आणि दुसरी कात्रीने कापलेली. बाईंना पुढचं काहीच विचारू नये असं वाटलं, पण त्यांचा पोटापाण्याचा धंदाच विचारण्याचा होता.

"ही शाल अर्धीच आहे, काका."

"तिची आहे. ती गेली तेव्हा थंडीचे दिवस होते." काकांनी शालीवरून हात फिरवला. "अर्धी इथे घातली, अर्धी डब्याला. धूळ जाऊ नये म्हणून. आणि नुसती शाल नाही हं, मी स्वतः मागे जाऊन सगळ्या वायरी एकत्र केल्या, डब्याच्या पाठीशी धरल्या आणि पट्ट्यांनी गच्च आवळल्या. कुणाचा पाय अडकला, वायर निघाली, आवाज गेला, असं व्हायला नको. तेव्हा माझे गुडघे धड होते."

"गाठवाले काही म्हणाले नाहीत?"

"तो तेव्हा रजेवर होता, किल्ली माझ्याकडे ठेवून गेला होता. आल्यावर म्हणाला, काका, आता मी नीट बांधलंय, शालीची गरज नाही. गुणी आहे तो. त्याने डबा चोरला असं साहेब म्हणतात, पण माझा नाही विश्वास." काकांनी शाल नीट केली. "मी अजून रोज सकाळी जिना चढतो. त्याच्याकडून रॅक उघडून घेतो, डब्याचं तोंड पुसतो. दिवा लागलेला दिसला की खाली येऊन कामाला लागतो. आजही लागलेला होता हो. तरी असं झालं."

बाईंची झोप पार उडाली. डबा कसा मेला ते त्यांना कळलं होतं. पाठीमागे पंख्याचं तोंड, त्यावर वायरींची गच्च मोळी, वरून लोकरीची शाल. आतल्या आत तापून तो जळाला होता. काकांच्या हातून तो गेला होता, आणि काकांना त्याचा पत्ता नव्हता.

"बाई," काका हळूच म्हणाले, "तो आवाज मिळेल ना? बाकी मला काही नको. दिवसभर तिच्या आवाजामागे हात चालवायची सवय झालीये."

बाईंनी मान हलवली. हो म्हटलं की नाही, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

५

बाहेर दुपार पिवळसर, पेंगुळलेली होती. तिकिटाच्या खिडकीत काकांची मुलगी बसली होती, सगळ्यांची ताई. तिशीतली, गळ्याला रुमाल गुंडाळलेली. बाईंनी दोन प्रश्न विचारले. पहिल्याला तिने मान हलवली, दुसऱ्याला घशाकडे बोट दाखवून हात जोडले. शेजारच्या पेल्यात गरम पाण्याची वाफ निघत होती. तिने तोंड उघडून बघितलं, पण नुसती हवा बाहेर आली.

"राहू दे गं, घसा ताणू नकोस," खिडकीशेजारच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. तिथे एक आजी विणकाम घेऊन बसल्या होत्या. त्या रोज येतात, दोन-तीन खेळांना झोपतात आणि संध्याकाळी ताज्या होऊन घरी जातात, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. बाईंना त्या एकदम आवडल्या.

"सकाळपासून बिचारी मुकी झालीये," आजी म्हणाल्या. "एरवी गोड बोलते. हिच्या आईची जागा हिला मिळायला हवी होती, पण साहेब म्हणाले, फुकटचा डबा असताना पगाराचं माणूस कशाला? आणि आईची नक्कल कुणाला हवी? तोंडावर म्हणाले बरं का. तेव्हापासून तिकिटं फाडते."

"आजी, तुम्ही झोपता तेव्हा आवाज ऐकू येतो?"

"म्हणजे काय! त्याच्यावरच तर झोप लागते. काल मात्र नीट लागली नाही मला." आजींनी सुया थांबवल्या. "काल आवाज जरा घोगरा येत होता. मधे एकदा खोकलासुद्धा. काय हो, यंत्रांनाही सर्दी होते का?"

खिडकीतल्या ताईच्या हातातून पेला निसटला आणि गरम पाणी तिकिटांवर सांडलं.

६

बाईंनी तिला तेव्हा काहीच विचारलं नाही. त्या परत यंत्रखोलीत गेल्या आणि रॅकच्या उजव्या खांबावरची शेवटची वायर बोटाने धरून चालत निघाल्या. ती जुन्या माइकची वायर होती. निवेदिका डबा येण्याआधी जिथे बसून बोलायची, ती काचेची छोटी खोली ती गेल्यापासून बंद होती, असं साहेबांनी सांगितलं होतं. तरी वायर भिंतीच्या कडेने, दर हातावर मेणाची गाठ मारून, कुठेही न दुमडता नेलेली होती. बंद पडलेल्या माइकची इतकी बडदास्त कोण ठेवतं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे पोहरा भरून येत होता, म्हणजे आडात पाणी होतंच.

वायर खोलीच्या दाराखालून आत गेली. दाराला कुलूप नव्हतं. आत एक खुर्ची, माइक, आणि काकांनी खाली आवाज सुरू करायची कळ दाबली की लागणारा छोटा दिवा. काचेतून खाली घुमटातली काकांची चाकं दिसत होती. खुर्चीवर धुळीचा कणही नव्हता.

मग बाई रिकाम्या घुमटाखाली गेल्या. काकांनी तपासणीसाठी मंद चांदणं सोडून ठेवलं होतं. बाई मागच्या रांगेत रेलल्या आणि अर्थातच झोपल्या. स्वप्नात त्या पुन्हा एक्स्चेंजमध्ये होत्या. वायरींतून दूरदूरची माणसं एकमेकांना हाका मारत होती, आणि बाई त्या हाकांना गाठी मारत होत्या, हलक्या हाताने, कुणाचा श्वास अडू नये अशा बेताने. पलीकडून कुणी तरी विचारत होतं, ऐकू येतंय का? आणि बाईंना उत्तर द्यायचं होतं, पण तोंड उघडत नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा शेजारच्या खुर्चीत ताई बसली होती, आणि पलीकडे गाठवाले अंग चोरून उभे होते.

"तुम्हाला कळलं ना?" ताई कुजबुजली. कागद फाटल्यासारखा आवाज होता.

"कळलं. डबा जळाला, यांनी तो काढला, तोंड तेवढं परत बसवलं. खेळ सुरू झाला की तिकीटखिडकी बंद होते, आणि तू वर जाऊन बोलतेस. आईच्या आवाजात."

"आधी दुरुस्त करायला नेला होता डबा," गाठवाले म्हणाले. "तीन ठिकाणी फिरलो. काही उरलं नव्हतं आत. वाटलं, दोनचार दिवस ताई निभावतील, तोवर काही सुचेल. पण काका रोज खेळ संपला की इतके खूश होऊन बाहेर येत..."

"बाबांना सांगू नका," ताई म्हणाली. "आई एकदा गेली. त्यांच्या हातून परत गेली, हे त्यांना कशाला कळायला हवं?"

"नाही सांगितलं तर यांना पोलीस नेतील."

"नेऊ देत ना," गाठवाले म्हणाले. "मला ना मूल ना बाळ."

"गप्प बसा हो तुम्ही!" बाई चक्क ओरडल्या. डोळे भरून आले की त्यांना नेहमी राग यायचा. वर खोट्या चांदण्या शांतपणे सरकत होत्या, आणि बाहेर संध्याकाळच्या खेळाची रांग लागायला सुरुवात झाली होती.

७

बाईंनी सगळ्यांना घुमटाखालीच बोलावलं. साहेब उभे राहिले, काका आपल्या यंत्रापाशी बसले, ताई आणि गाठवाले पहिल्या रांगेत. बाईंनी मनाशी ठरवलं होतं, खरं तेवढंच बोलायचं, पण सगळं खरं बोलायचं नाही.

"चोरी झालेली नाही," त्या म्हणाल्या. "डब्याच्या कप्प्यामागे वायरीला झोळ नाही. ज्याला कधी बाहेर काढायचं आहे, त्याच्यासाठी झोळ ठेवतात. म्हणजे ही वायर बांधली तेव्हाच डबा तिथे नव्हता, आणि गाठींवरची धूळ सांगते की बांधून महिने झाले. डबा तापून निकामी झाला होता. गाठवाल्यांनी तो काढला, आणि सांगायचं धाडस झालं नाही म्हणून तोंड तसंच ठेवलं. तेव्हापासून ताई जुन्या माइकवर बोलतेय. काल तिचा घसा बसला, म्हणून आज आकाश मुकं झालं."

साहेबांनी ताईकडे बघितलं, गाठवाल्यांकडे बघितलं, आणि त्यांना विचारायला एकच गोष्ट सापडली. "तापला कशाने?"

बाईंना याच प्रश्नाची धास्ती होती.

"माझ्यामुळे," गाठवाले उठले. "मी वायरी पंख्यावर आवळल्या. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी."

इतक्या वर्षांच्या नोकरीत डोळ्यांदेखत दिलेली खोटी साक्ष बाई पहिल्यांदाच मुकाट्याने ऐकून घेत होत्या.

"अरे," काका म्हणाले, "तू जन्मात कधी पट्टा हातात धरलास का?"

काकांचा हात यंत्रावरच्या शालीच्या कापलेल्या कडेवर गेला आणि तिथेच राहिला.

"पट्टे माझे. शालही मीच घातली." ते सावकाश बोलत होते, आधी स्वतःला समजावत असल्यासारखे. "मी तिला पांघरूण घातलं आणि तिचाच श्वास कोंडला. आणि तुम्ही दोघं... मी रोज वर जाऊन काय पुसत होतो रे?"

"काका, तुम्ही जपायला गेला होतात," गाठवाले म्हणाले.

ताई उठून वडिलांच्या पायांशी जाऊन बसली. काका तिच्याकडे बघत राहिले. रडले नाहीत, चिडलेही नाहीत. आठवत असावेत.

"डब्यातला आवाज कुणासाठी थांबत नसतो," ते शेवटी म्हणाले. "माझा हात मागे पडला की आवाज पुढे निघून जायचा आणि मी चांदण्या घेऊन त्याच्यामागे पळायचो. पण गेले काही महिने तसं होईना. चंद्र वर यायला उशीर झाला तर ती पुढचं वाक्य लांबवायची. गुडघा ठणकत असला की त्या दिवशी सगळंच सावकाश सांगायची. मला वाटलं, गेल्यावर माणूस समजूतदार होतं." त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला. "ती तू थांबत होतीस होय?"

ताईने मान हलवली.

"किती वेळा मनात म्हटलं असेन, आज फार थकलोय गं. आणि मला वाटायचं, तिला ऐकू गेलं."

"दिसायचं मला, काचेतून," ताई कुजबुजली. "तुमचा हात दिसायचा."

बाहेरची घंटा वाजली. साहेब घसा खाकरले. "ते सगळं ठीक आहे, पण लोक दारात उभे आहेत. आवाजाशिवाय खेळ कसा करायचा? हिचा तर आवाज बसलाय."

"आवाज बसलाय, माणूस उभं आहे ना?" काका म्हणाले.

ताई घाबरली. "बाबा, या घशातून आईचा आवाज निघणार नाही."

"आईचा नको," काका म्हणाले. "ती सांगून गेली तिचं तिचं. आज तू तुझं सांग. आणि वर जाऊ नकोस. इथे बस, माझ्याजवळ."

"हे नियमात बसत नाही," साहेब म्हणाले.

"नियमात दुसरी प्रत करणंही होतं, साहेब," बाई म्हणाल्या. साहेब मग दार उघडायला स्वतःच गेले.

गाठवाल्यांनी माइकची लांब वायर वरून खाली आणली, खुर्च्यांच्या कडेने, कुणाच्या पायात येणार नाही अशी. लोक आले, रेलले, दिवे मंद झाले. छतावरचा सूर्य पश्चिमेकडे निघाला. ताईने माइक जवळ ओढला, आणि एक खरखरीत, बारीक आवाज घुमटात पसरला. तो कुणासारखाच नव्हता. लोक नीट ऐकू यावं म्हणून खुर्च्यांत पुढे झुकले. तिने संध्याकाळबद्दल एक वाक्य सांगितलं, दुसरं सुरू केलं, आणि मधेच तिचा घसा पार मिटला.

सूर्य अर्धा बुडाला होता. काकांनी चाकावरचा हात थांबवला. शंभर माणसांच्या डोक्यावर सूर्य तिथल्या तिथे उभा राहिला, लाल, स्तब्ध. ताई पाणी प्यायली, तिने श्वास घेतला, अंधारात वडिलांच्या हाताकडे बघितलं. तिला पुढचं वाक्य सापडेपर्यंत त्यांनी सूर्य मावळू दिला नाही.